निद्रासमितीचा कोल्हापूर दौरा

पाच वर्षांखालील मुलाला आपल्या रेल्वेत तिकीट पडत नाही आणि स्वतंत्र शायिकाही मिळत नाही. हा नियम दिवसाउजेडी वाचला असता मोठा उदार वाटतो. परंतु दीड वर्षाचे मूल झोपेत जेवढ्या मुलखावर अंमल बसवते तेवढा एखाद्या किल्लेदाराच्या ताब्यातही नसेल, ही गोष्ट ज्याने रात्रीच्या गाडीत एकाच बाकावर स्वतःसह अशा मुलाला निजवून पाहिले आहे त्यालाच उमगते. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडून घडीचा बाळबाक बसवून पाहण्यात आला होता. तो ७७ सेंटिमीटर लांब आणि सुमारे २५ सेंटिमीटर रुंद होता. आमचे चिरंजीव निजल्यावर पहिल्या प्रहरी दक्षिणोत्तर, दुसऱ्या प्रहरी पूर्वपश्चिम आणि पहाटेस कोणत्याही मान्य दिशेत न बसणारे असे पसरतात. तेव्हा तेवढ्या जागेत त्यांचा डावा पाय मात्र सुखाने राहिला असता.

सदर चिरंजीवांना घेऊन मुंबईहून कोल्हापुरास, म्हणजे त्यांच्या आजोळी, रात्रीच्या गाडीने जावयाचे ठरले, तेव्हा आरक्षणापेक्षा त्यांच्या निद्रेच्या बंदोबस्ताविषयीच घरात अधिक मसलती झडल्या. वडील मंडळींचा पक्ष असा की, दिवसभर मुलाचा डोळा लागू देऊ नये, म्हणजे रात्री पाठ टेकताच ते निपचित पडेल. सौभाग्यवतींचा पक्ष याच्या नेमका उलट होता. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, ११ ते १४ तास झोप लागते. ती तोडली तर मूल पेंगत नाही, उलट पिसाळते आणि थकून चेतल्यामुळे निजण्यासच साफ नकार देते, हे वैद्यकशास्त्र तिने सप्रमाण मांडले आणि दुपारी चिरंजीवांना यथासांग झोपवले. दुसरा बखेडा दुपट्यावरून झाला. आत्याबाईंनी प्रवासासाठी म्हणून कोरे, इस्तरीचे दुपटे काढून ठेवले होते. सौभाग्यवतींनी ते मुकाट्याने कपाटात परत ठेवले आणि रोजचे, दुधाचे डाग पडलेले, मुद्दाम न धुतलेले दुपटे पिशवीत घातले. कारण परक्या जागी मुलाला घराची ओळख डोळ्यांपेक्षा नाकाने लवकर पटते. "अगं, लोक काय म्हणतील!" असे आत्याबाई म्हणाल्या. लोक पुढे पुष्कळ बोलले. परंतु दुपट्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

गाडीने दादर सोडले आणि सौभाग्यवतींनी घरचा क्रम जसाच्या तसा सुरू केला: आधी दूध, मग दुपटे, मग पाठीवर थोपटणे आणि शेवटी तीच ती अंगाई, इतक्या संथ सुरात की तिच्यात श्रोत्याला जागे ठेवण्यासारखे काहीही उरू नये. ठाणे येण्यापूर्वीच चिरंजीवांच्या पापण्या जड झाल्या. नेमक्या याच शुभ मुहूर्तावर समोरच्या बाकावरील निवृत्त अव्वल कारकुनांनी, "झोपला वाटतं?" अशी पृच्छा केली आणि ती एवढ्या खणखणीत आवाजात केली की, चिरंजीवांनी स्वतः उठून तिचे उत्तर दिले.

त्या क्षणी डब्यात निद्रासमिती स्थापन झाली आणि अध्यक्षपद कारकूनसाहेबांकडे आपसूक गेले. आपला धाकटा मुलगा खिडकीशी धरला की हटकून झोपत असे, असा दाखला देऊन त्यांनी चिरंजीवांना खिडकीशी धरले. तेथे डोंबिवलीचे दिवे पाहून चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या बाकावरच्या एका तरुणाने मोबाइलवर नाचणारा हत्ती दाखवला. उजेडाने झोप आणणारे मेलॅटोनिन दबते हे त्याच्या गावीही नसल्याने हत्तीची दोन आवर्तने झाली आणि तिसऱ्यासाठी चिरंजीवांनी सत्याग्रह आरंभला. एका बाईंनी पोटदुखीचे निदान करून हिंगाची मागणी केली. दुसऱ्या बाईंनी दृष्ट लागल्याचे सांगून मीठमोहऱ्या सुचवल्या, परंतु त्या टाकावयास डब्यात निखारे नसल्याने ही दरखास्त तूर्त दप्तरी दाखल झाली.

अखेरीस मी शास्त्रास शरण गेलो. जपानमधील रिकेन या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार रडणाऱ्या तान्ह्या मुलाला उचलून न थांबता पाच मिनिटे चालावे, डोळा लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मगच अंथरुणावर ठेवावे. कारण मूल जागे होते ते बहुधा अंगावरून वेगळे करतेवेळी. चिरंजीव तान्हेपण मागे टाकून बसले होते. तथापि शास्त्र त्यांनाही मानवले. बाकांबाहेर आलेली पावले, पायांत येणारी बोचकी आणि "बाळ झोपलं का हो?" असे दर बाकावरून विचारणारे सज्जन यांतून वाट काढीत मी पाच मिनिटे चाललो; चिरंजीव झोपले; आठ मिनिटे श्वास रोखून बसलो; आणि त्यांना बाकावर ठेवण्यासाठी वाकलो, तोच कर्जत आले. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत बोरघाटाची चढण काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतकी तीव्र असल्यामुळे गाडीला मागून रेटा देणारी इंजिने येथे जोडतात. ती जोडली गेल्याचा धक्का मागच्या डब्यापासून क्रमाक्रमाने पुढे सरकत आला आणि चिरंजीवांना यथावकाश पोहोचला.

रडण्याने डबा दणाणला तेव्हा इतका वेळ बाजूच्या बाकावर स्वस्थ पान जुळवीत बसलेल्या एक कोल्हापूरच्या मावशी उठल्या. "पोरगं झोपतंय वो," त्या म्हणाल्या, "तुमी समदी मिळून त्याचं त्वांड बघत बसल्यावर त्यानं झोपायचं कसं?" बोचक्यातून त्यांनी एक जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले लुगडे काढले, त्याची चौघडी केली आणि दोन्ही बाजूंच्या वरच्या बाकांच्या साखळ्यांना त्याची टोके आवळून बांधली. प्रत्येक गाठ मारल्यावर त्या तिला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहत आणि मगच दुसरीकडे वळत. झोळी भुईपासून जेमतेम हातभर उंचीवर आली. तिच्याखाली त्यांनी आमची दोन पांघरुणे अंथरली आणि खालच्या बाकावर पडलेल्या सौभाग्यवतींचा हात तिच्या काठावर ठेवला. "ह्यो हात काढायचा न्हाई, पोरी." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "आन् पावणं, तुमी दिवा मालवा आन् गप पडा."

डब्यात अंधार झाला. वास्तविक त्या मुलाला लागणारे सारे साहित्य गाडीत पहिल्यापासून हजर होते: हेलकावे रुळांनी पुरवले होते, एकसुरी आवाज चाकांनी पुरवला होता आणि घराचा वास त्या मळक्या दुपट्यात होता. उणीव होती ती एवढीच की मोठ्या माणसांनी कंटाळवाणे व्हावे. आणि प्रवासात मोठ्या माणसाला काही करावयास सांगणे सोपे, काही न करावयास सांगणे महाकर्मकठीण. मूल प्रवासात झोपत नाही ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु त्याला झोपवण्यास निघालेल्यांची खानेसुमारी कोणी करीत नाही. आमचे चिरंजीव खंडाळा यायच्या आत झोपले. समितीला मात्र बरखास्तीचा हुकूम मानवला नाही. पुणे, सातारा आणि सांगली येथे अध्यक्षांनी उठून, बॅटरीवर बोटे धरून, मूल झोपले असल्याची खातरजमा केली. सौभाग्यवतींचा हात झोळीवर आखडला. मी गाठींवर नजर ठेवून होतो. गाढ झोपले होते ते दोघेच, झोळीतले चिरंजीव आणि बाजूच्या बाकावरच्या मावशी.

मिरजेस अध्यक्षांना कोठे डोळा लागला आणि त्याच सुमारास चिरंजीव ताजेतवाने होऊन उठले व त्यांनी अध्यक्षांच्या मिशा धरून दिवसाचा आरंभ केला. कोल्हापूरच्या फलाटावर आजोबा, मामा, दोन्ही माम्या आणि शेजारची काही हौशी मंडळी उभी होती. "रात्री नीट झोपला का गं?" असे सासूबाईंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता मामांनी जाहीर केले की, आता न्हाऊमाखू घालून आपण त्याला असे झोपवतो की सर्वांनी पाहतच राहावे. थोरल्या मामींचा कौल धुरीला पडला, धाकटीचा पाळण्याला. शेजाऱ्यांनी तिसराच उपाय मांडला. मी घाईघाईने मावशींना शोधू लागलो. परंतु त्या लुगडे काखोटीला मारून केव्हाच फलाटाबाहेर पोहोचल्या होत्या आणि एका रिक्षावाल्याशी भाड्यावरून कडाक्याची हुज्जत घालीत होत्या.