फाळक्यावरचे आबा

तीर्थयात्रेस निघणारा मनुष्य घरदार आणि प्रपंच मागे टाकून निघतो, असे शास्त्रकारांनी गृहीत धरले असले, तरी त्यांची मोताळ्याच्या आबांशी गाठ पडलेली नसावी. कारण कपाशी विकून झाली, शिवार उघडे पडले आणि चैत्री वारीचे वेध लागले, म्हणजे आबा घर सोडत नाहीत, ते घरच उचलून ट्रकमध्ये ठेवतात. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या खटल्यात असे एक तरी आबा असतातच, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, यात्रेची मुखत्यारी निर्विवादपणे त्यांच्याकडे असते.

कालपरवापर्यंत मलकापूरच्या जिनिंगकडे कापूस वाहणारा ट्रक दाराशी लागला, की आबा प्रथम स्वतः हौद्यात चढून फळ्यांच्या फटी तपासतात, धोतराला चिकटलेली रुई झटकतात आणि मग हुकूम सोडू लागतात. तळाशी पिठाचे डबे, तुरीची डाळ, पाण्याचे पिंप आणि रोडगे भाजण्यासाठी गोवऱ्यांची दोन पोती. त्यांवर आडव्या फळ्यांचा मजला. मजल्यावर कडबा, कडब्यावर गाद्या, आणि या सर्व संसारावर बांबूंच्या कमानींवरून ताणलेली ताडपत्री. अमेरिकेत म्हणे ट्रकच्या पाठीवर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पलंग असलेली आयती खोली बसवून कुटुंबे महिनोन्महिने हिंडत असतात, ही वार्ता शहरात शिकणाऱ्या नातवाने मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा आबांनी शांतपणे एवढेच विचारले, "मंग त्याच्यात गवऱ्या कुठी ठेवतेत?"

राजूर घाट चढून गाडी बुलढाण्यास पोहोचते न पोहोचते तोच पहिली हजेरी होते, आणि चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड, बार्शी अशा प्रत्येक टप्प्यावर, फाळक्यावर बसून, लाल वहीच्या आधारे ती पुन्हा रुजू केली जाते. गेल्या खेपेस जालन्यापुढे एका विहिरीवर मुक्काम पडला. सुनांनी कणकेच्या लहानमोठ्या पुऱ्या एकावर एक रचून, सर्वांत मोठीत मिटून रोडगे वळले; ते निखाऱ्यांत भाजून निघाले; वांग्याच्या झणझणीत भाजीचा वास रस्त्यापर्यंत गेला; आणि पंगतीत आबांनी माणसे मोजली, तो एक पोरगे जास्त भरले. कमी भरते तर शोधाची तजवीज तत्काळ झाली असती. परंतु शिलकेत निघालेल्या माणसाचे खाते वहीत नसल्यामुळे आबा तीनदा मोजून घामाघूम झाले.

"आबा, जेऊ द्या नं पोट्ट्यायले, रोडगे थंडे होऊन रायले," असे थोरली सून पदराआडून म्हणाली, तेव्हा कुठे उलगडा झाला, की जास्तीचा इसम हा ट्रकचा क्लीनर असून वासाच्या मागावर तो पंगतीत येऊन बसला आहे. आबांनी त्याच्या पानात स्वहस्ते तूप वाढले, वहीत शेवटच्या नातवाखाली त्याचे नाव चढवले, आणि पुढील प्रत्येक हजेरीला त्याने "हाजर" म्हणावे, अशी त्याला सक्त ताकीद दिली.

पंढरपुरात मात्र चंद्रभागेचे स्नान आटोपून सारे खटले दर्शनाच्या बारीत उभे राहिले, तरी आबा ट्रकजवळून हलले नाहीत. सामानापाशी कोणीतरी पाहिजे, हे तत्त्व त्यांना विठोबापेक्षा अधिक प्रिय आहे, असा आरोप त्यांच्या धाकट्या भावाने अनेकदा केला आहे. आबांनी त्यास कधी उत्तर दिले नाही. त्यांनी फाळक्यावर उभे राहून कळसास हात जोडले, खाली बसले, आणि त्या तारखेखाली वहीत नोंद केली: "दर्शन सर्वांचे झाले. गोवऱ्या अर्धे पोते शिल्लक."