कडेकडेने आंबोली

मोटारसायकलवाल्या तरुणांची एक जमात आहे. ओळख करून दिली की ही मंडळी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, वाकून त्याच्या मागच्या टायरकडे बघतात. तेही मधोमध नाही, कडेला. वळणावर गाडी जेवढी तिरकी झोपवावी तेवढा टायर कडेपर्यंत घासतो. जो सरळमार्गी आहे त्याच्या टायरच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या रबराची पट्टी शिल्लक राहते. तिला या मंडळींत 'चिकन स्ट्रिप' म्हणतात. माझा भाचा केदार शुद्ध शाकाहारी आहे, पण त्याच्या टायरवर ही पट्टी चांगली दोन बोटं रुंद निघाली आणि कुणीतरी तिचा फोटो काढून त्याच्या सगळ्या ग्रुपला पाठवला. यावर उपाय दोन होते. गाडी तिरकी करायला शिकणं किंवा टायर बदलणं. केदारने टायर बदलायचं ठरवलं.

नाना पेठेतल्या दुकानात मला का नेलं, हे मला आधी कळलं नाही. माझा अनुभव स्कूटरचा. टायर बदलायची वेळ आली की मी दुकानदाराला "चांगला दाखवा" म्हणतो, तो त्याच्याकडे असेल तो दाखवतो आणि दहा मिनिटांत आम्ही एकमेकांना मोकळं करतो. इथे दीड तास नुसतं वाचन चाललं होतं. टायरच्या अंगावर एवढा मजकूर असतो याची मला कल्पना नव्हती. '150/60 आर 17, 66 एच.' केदारने मोबाइलच्या टॉर्चवर अर्थ सांगितला. रुंदी 150 मिलिमीटर, उंची तिच्या 60 टक्के, आर म्हणजे रेडियल, 17 इंची रिम. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत टायर टिकणार.

"आणि 66?" मी विचारलं.

"वजन. एका टायरवर 300 किलो चालतं," दुकानदार म्हणाला. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानदार म्हणाला, "चालेल."

मला मागच्या सीटवर गृहीत धरलंय हे तेव्हा उघड झालं. ती बहिणीची अट होती. नव्या टायरवर सावंतवाडीपर्यंत जा, पण मामाला मागे बसव, म्हणजे हळू चालवशील. घरात माझा उपयोग बऱ्याच कामांना झालाय. ब्रेक म्हणून ही पहिलीच वेळ.

केदारला खरं तर शर्यतीचा टायर हवा होता. दुकानदाराने त्याला हात लावू दिला नाही. "तो गरम झाल्याशिवाय धरत नाही. रेसमध्ये त्याला आधी ब्लँकेट गुंडाळून तापवतात. तुम्ही सिंहगड रोडच्या सिग्नलला उभे राहणार, तो गार पडणार, आणि पहिल्याच वळणाला तुम्ही खाली." मग मिशेलिन, पिरेली, मेट्झेलर अशी पाहुणे मंडळी बाहेर आली, पाठोपाठ एमआरएफ, सिएट, अपोलो ही घरची. (या एमआरएफने 1946 साली मद्रासच्या तिरुवोत्तियुरला सुरुवात केली ती खेळण्यातले फुगे करून. हवा भरण्याचा पाया पक्का.) त्यातला एक टायर केदारने असा काही कुरवाळला की मला तो नीट बघावासा वाटला. त्याच्यावर नक्षी जवळजवळ नव्हतीच. मधे चार तिरके ओरखडे, बाकी सपाट.

"अरे, हा गोटा झालेला टायर आहे," मी म्हणालो. "माझ्या स्कूटरचा असा झाला तेव्हा मी फेकून दिला."

यावर दोघांनी माझी शिकवणी घेतली. कोरड्या रस्त्याला धरतं ते रबर. खाचा असतात पाणी बाहेर काढायला. म्हणून जितका महाग तितका गुळगुळीत. आपण चाळीस हजार किलोमीटर घासून जे कमावतो ते हे लोक पहिल्याच दिवशी विकत घेतात, असा मी त्याचा अर्थ लावला. आणि टिकतो किती? "मऊ रबर आहे साहेब. चिकटणार तो झिजणार, टिकणार तो घसरणार," दुकानदार म्हणाला. दोन्ही हवं असेल तर? त्याचीही सोय होती: मधे कडक रबर, कडांना मऊ. केदारने तोच घेतला. त्याआधी बाजूच्या चार आकड्यांवरून टायरचा जन्मआठवडा तपासला (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), फिरण्याच्या दिशेचा बाण तपासला आणि पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर बसवून घेतला. बहिणीने दिलेले मुलींचे बायोडेटा याच मोबाइलमध्ये न उघडता पडून आहेत.

नायट्रोजन भरायचा का, असं पंपावर विचारलं. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या 22 टक्क्यांचे पैसे देण्याइतकी उदारता आमच्यात नव्हती.

नोव्हेंबरमधल्या एका पहाटे आम्ही निघालो. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा वरून तुळतुळीत असतो. पहिले शंभरेक किलोमीटर त्याला जपून चालवावं लागतं, एकदम तिरका करायचा नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही. आता भूगोल असा, की पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना वळणांचा म्हणावा असा एकच घाट लागतो, खंबाटकीचा, आणि तो साठेक किलोमीटरवरच येतो. चढताना केदार एवढा शिस्तीत होता की भाजीच्या टेम्पोने आम्हाला ओव्हरटेक केलं, मग एसटीने, आणि शेवटी पोती लादलेल्या एका ट्रकनेही. ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून मान काढून विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"

साताऱ्यापर्यंत टायर लग्नाचा झाला, पण तिथून पुढे वळणं संपली. कऱ्हाड, पेठ, कोल्हापूर, सगळा रस्ता नाकासमोर. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, त्यामुळे जी काय वळणं होती ती 'काम चालू, वाहने सावकाश हाका' अशा पाटीमागची. सरळ रस्त्यावर टायर फक्त मधे झिजतो आणि हळूहळू चपटा होतो. म्हणजे आंबोलीच्या थोड्या वळणांसाठी घेतलेला टायर त्या वळणांपर्यंत पोचण्यातच खर्च होत होता. मागच्या सीटवर माझंही तेच चाललं होतं. त्या सीटला सीट म्हणणं हा तिचा गौरव आहे. निपाणीला उतरलो तेव्हा मी बराच वेळ उभ्यानेच चहा घेतला.

निपाणीहून उत्तूरमार्गे आजऱ्याकडे निघालो आणि केदारची मान पुढे झुकली. रस्त्याला वळणं फुटू लागली होती. एका वळणावर गाडी तिरकी होणार एवढ्यात समोर रस्ताभर नाचण्याची कणसं अंथरलेली. आपली मळणी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सोपवायची पद्धत या भागात जुनी आहे. वाळकी काडं आणि खाली निसटलेले गोल दाणे, यावर मऊ रबराचा टायर काय करेल हे कुठल्याच कंपनीने छापलेलं नाही. केदार पाय टेकत टेकत कडेने निघाला.

"आरं ए पोरा," बांधावरून एक आजी ओरडल्या, "कडंकडंनं काय जातोयस? मधनं घाल की गाडी!"

केदारने मधून घातली.

"थांब." आजी उठून आल्या, मागचा टायर न्याहाळला. दीड तास टायर निवडला त्याचं पहिलं कौतुक आजऱ्याच्या वाटेवर होणार होतं. "लय रुंद हाय. झ्याक मळतोय. फिरून ये की आणि एकडाव." आणि मग माझ्याकडे बघून, "ह्येनी बसू द्यात मागं. वजन पायजे."

आम्ही तीन फेऱ्या मारल्या. ताशी 210 किलोमीटरच्या टायरने ताशी आठच्या वेगाने नाचणा मळून दिला. आजींनी दोन काकड्या दिल्या.

पुढे आजऱ्याच्या अलीकडे मात्र मी टायरची थट्टा बंद केली. उसाचे दिवस. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रस्त्यावर पडलेल्या उसाचा चेचून ओला लगदा झालेला, आणि तो ट्रॅक्टर काही न सांगता उभा राहिला. केदारने ब्रेक दाबले. माझी हनुवटी त्याच्या हेल्मेटवर आपटली. गाडी मात्र रेषेत, शेपूट न हलवता, ट्रॉलीच्या हातभर अलीकडे थांबली. मी काही बोललो नाही. मागच्या टायरची किंमत ऐकून दुकानात मी जे बोललो होतो तेही मनातल्या मनात मागे घेतलं.

आणि आंबोली. इतकी सगळी धडपड ज्याच्यासाठी, तो घाट समोर उतरत होता, रस्ता कोरडा, मोकळा. केदारने पहिलं उजवं वळण घेतलं, गाडी झुकली, आणि मी तीस वर्षांच्या स्कूटरच्या सवयीने डावीकडे झुकलो. गाडी वळायची सोडून दरीच्या बाजूने फाकली.

"मामा! वळणाच्या बाजूला झुक!"

"त्या बाजूला आपण पडतोय!"

"पडत नाही, वळतोय!"

पुढच्या वळणाला मी डोळे मिटून सरळ बसलो. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी धबधब्याजवळच्या टपरीपाशी केदारने गाडी थांबवली, मला अदबीने उतरवलं, वडापाव मागवून दिला आणि एकटा परत वर गेला.

"भाचो वर खंय गेलो?" टपरीवाल्या बाईंनी विचारलं. "काय इसारलो?"

"नाही. टायर घासायला गेलाय."

त्यांनी कढईतला वडा उलटला. "आमचे बाजारात जावन येवनच घासतत."

माझा तिसरा वडा माकडाने नेला त्या सुमाराला केदार परत आला, हेल्मेट काढता काढता टायरपाशी बसला. उजवी कड शेवटपर्यंत घासलेली. डावीकडची पट्टी जशीच्या तशी. त्याला कारण होतं. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावं वळण रस्त्याच्या कडेला चिकटून घ्यावं लागतं, आणि घाटाच्या कडेला खडी, ओला पाला, शेवाळ. तिथे झोपवायची त्याची हिंमत झाली नाही, आणि हे ऐकून मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

"उद्या परत जाताना डावी बाजू बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवाडीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. मी खिडकीची जागा धरली. केदार खाली उभा राहून सवयीने बसच्या मागच्या चाकाशी वाकला.

"मामा, रिमोल्ड आहेत हे. महामंडळ जुन्याच टायरवर पुन्हा रबर चढवतं."

"असू देत," मी म्हणालो. "कंडक्टर मला झुक म्हणत नाही."