वॉर्निंग आहे, एरर नाही

‘वॉर्निंग आहे, एरर नाही’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं नसेल, तर तुमच्या सोसायटीत नाना राहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या एरंडवण्यात राहतात. नेमके माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. रात्री दोन वाजता वरून ‘झालं! मेक झालं!’ अशी आरोळी आली की समजावं, जगानं कधीच भंगारात काढलेल्या संगणकावर नानांनी आणखी एक लायब्ररी चालू केली.

संगणक सन कंपनीचा, अल्ट्रा ५. एका रविवारी जुन्या बाजारातून रिक्षात मांडीवर घेऊन आणलेला. त्यावर सोलारिस २.६, म्हणजे १९९७ची ऑपरेटिंग सिस्टीम. वहिनींनी विचारलं, “यात चालतं काय काय?”

“अजून काहीच नाही,” नाना आनंदानं म्हणाले. “सगळं आपल्यालाच बिल्ड करायचंय.”

तुम्हीआम्ही लिनक्सवर एक ओळ टाइप करतो आणि लायब्ररी येऊन बसते. नानांचं तसं नाही. ओपन सोर्स लायब्ररीचा कोड आणायचा आणि तो जुन्या मशीनच्या गळी उतरवायचा. पण कंपायलर बिल्ड करायचा तर आधी कंपायलर लागतो. सोलारिसचं स्वतःचं ‘मेक’ नव्या मेकफाइलला नाक मुरडतं, म्हणून जीएनयूचं मेक आणा. ओपनएसएसएल हवी तर पर्ल लागतं आणि २.६बरोबर पर्ल येत नाही, म्हणून पर्ल बिल्ड करा. पर्लचा कॉन्फिगर आधी मशीनची उलटतपासणी घेतो आणि मध्येच अभिनंदन करतो, की तुम्ही युनिस चालवत नाही आहात! नानांनी हे मोठ्यानं वाचलं.

“ही युनिस कोण?” स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

व्हीएमएसवर युनिक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची ती एक जुनी सोय होती, हे नाना बराच वेळ समजावून सांगत होते. आमटीला फोडणी जरा जोरातच बसली.

एकदा मेक सुरू झालं की पडद्यावर वॉर्निंगांचा पूर येतो. अमुक फंक्शन जाहीर केलेलं नाही, तमुक पॉइंटरचा प्रकार जुळत नाही. नाना चहा घेत शांतपणे म्हणतात, “वॉर्निंग आहे, एरर नाही. चालू दे.” इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण हे तत्त्वज्ञान पुढे संसारात शिरलं. डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं: वॉर्निंग. महापालिकेची मिळकतकराची नोटीस: वॉर्निंग. स्कूटरचा मागचा ब्रेक लागेना: वॉर्निंग, पुढचा आहे. जावयानं अमेरिकेतली नोकरी सोडून बेकरी काढायचं ठरवलं, तेव्हा सगळं घर हादरलं. नानांनी मात्र बेकरीत खारी मिळेल का, एवढंच विचारलं. शेवटी वहिनी ‘मी नाशिकला बहिणीकडे चालले’ म्हणाल्या. नानांनी तीही वॉर्निंगच धरली. वहिनी खरंच गेल्या. मी चौकशीला वर गेलो तर म्हणाले, “कंपाइल नीट झालं होतं रे. लिंक करताना फाटलं.”

स्पार्क प्रोसेसरचा नानांना विशेष अभिमान. १९९८ साली पुण्यात सी-डॅकनं परम १०००० उभा केला, त्यातही सनचेच अल्ट्रास्पार्क होते, हे ते घरच्या लग्नातलं मानपान सांगावं तसं सांगतात. इंटेलवर प्रोग्रॅमरनं चार बाइटांचा आकडा भलत्याच पत्त्यावरून उचलला तरी खपून जातं. स्पार्क म्हणजे लक्ष्मी रोडचा दुकानदार: पत्ता चारच्या पटीत असेल तर बोला, नाहीतर ‘बस एरर’ म्हणून शटर खाली. लिनक्सवर बिनतक्रार चाललेली लायब्ररी इथे पहिल्या मिनिटाला आडवी होते आणि मूळ लेखकाची चूक नानांना सापडते. “हिंजवडीत लिहिलं असणार,” हा निकाल ठरलेला. लेखक जर्मनीतला असला तरी.

एकदा ओपनएसएसएल बिल्ड होऊन उभी राहिली आणि पहिल्याच खेपेला ‘पीआरएनजी नॉट सीडेड’ म्हणून बसली. गुप्त किल्ली करायला कसलाही नेम नसलेले आकडे लागतात. नव्या सिस्टीम ते स्वतः पुरवतात, २.६मध्ये ती सोयच नाही. आता ज्या घरात साडेपाचला दूध, एक ते चार झोप आणि सातला बातम्या, त्या घरातल्या मशीननं बेभरवशाचं काही आणायचं कुठून? शेवटी नानांनी पीआरएनजीडी नावाचा प्रोग्रॅम बसवला. तो निरनिराळ्या कमांडांची उत्तरं गोळा करून त्यातून गोंधळ तयार करतो. वहिनी म्हणाल्या, “सोसायटीच्या पाण्याच्या वेळा द्या की त्याला!”

या माणसाला शहाणपणाचं बक्षीस मिळावं, हे मला मुळीच पटलेलं नाही, पण मिळालं. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीडची बातमी फुटली आणि ओपनएसएसएल १.०.१ वापरणाऱ्या कंपन्यांत रात्ररात्र दिवे जळू लागले. नानांची होती ०.९.८. ज्या सोयीत भोक निघालं, ती सोयच तिच्यात नव्हती. नानांनी जिन्यात पेढे वाटले.

मी हे सगळं निवृत्त माणसाचं खूळ समजत होतो. मग एकदा गाडी नाही म्हणून ते मला भोसरीला घेऊन गेले, म्हणजे मी त्यांना. एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. गिअरचे भाग मोजणारं परदेशी यंत्र, ग्रॅनाइटच्या टेबलाचं, अजून मायक्रॉनला चुकत नाही. पण त्याला चालवणारा संगणक सनचा, आणि मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलेलं: मोजणीचे अहवाल यापुढे टीएलएस १.२नंच पाठवा. यंत्र विकणाऱ्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, नवीन यंत्र घ्या. नानांनी घरच्या अल्ट्रावर ओपनएसएसएल १.०.२ बिल्ड करून इथे आणून बसवली होती. चार भिंतींत बसून माझी झोप मोडत होते, ते यासाठी.

संगणकाच्या पडद्याशेजारी एक पुठ्ठा चिकटवलेला होता. या मशीनचं घड्याळ आणि नेटवर्कवरचा पत्ता ज्या चिपमध्ये असतो, तिची बॅटरी चिपच्याच पोटात असते. ती संपली की मशीन तारीख विसरतं आणि आपण कोण तेही विसरतं. ‘ओके’ असा प्रॉम्प्ट आला की काय टाइप करायचं, ते नानांनी ऑपरेटर मुलांसाठी ठळक मराठीत लिहून ठेवलं होतं. खाली एक ओळ: ‘घाबरू नका. वॉर्निंग येईल.’ मालकांनी पैशांचं विचारलं. नाना म्हणाले, कोड फुकट आहे, माझा चहा तेवढा द्या. त्यांना हिशेब कळत नाही, हे वहिनींचं म्हणणं मला तिथे पूर्ण पटलं. तरी परतताना मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली असावी, कारण ते वाटेत २०३८ची सगळी गोष्ट सांगू शकले. बत्तीस बिटांचं घड्याळ त्या वर्षी १९ जानेवारीला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरणार. मंगळवार आहे. अंगारकी आहे का, ते बघून ठेवायला हवं, म्हणाले.

नानांच्या तोंडून ‘एरर’ हा शब्द निर्वाणीनं एकदाच ऐकलाय. सननं २००५मध्ये ओपनसोलारिस म्हणून कोड जगाला उघडून दिला होता. २०१०मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि त्याच वर्षी दार लावून टाकलं. “लायब्ररी लिहिणारा उद्या गेला तरी कोड माझ्याकडे आहे,” नाना म्हणाले, “मी दुरुस्त करीन. मालकानं कुलूप लावलं की संपलं. ही एरर.”

परवा सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. बिल्डरनं पडद्यावर पोहण्याचा तलाव, पोडियम, जिम दाखवलं. जास्तीचे स्क्वेअर फूट ऐकून सगळे खूश होते. नानांनी हात वर केला.

“नळ, ड्रेनेज आणि वायरिंगचे पूर्ण नकाशे आम्हाला मिळतील ना?”

“काका, ते कंपनीकडे असतात. काही झालं तर आम्ही आहोतच की.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

सगळे हसले. बिल्डरही हसला, पण उत्तर त्यानं दिलं नाही. संमतीपत्रावर नाना सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी. कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा माझ्याकडे पेन नव्हतं, असं मी सेक्रेटरींना सांगितलंय.