नेदरलँड्सवाले काका

वसई-विरारमध्ये हे काका नाहीत अशी सोसायटी शोधून सापडायची नाही. कुठे ते तळमजल्यावर असतात, कुठे चौथ्या. पण खूण एकच. अमुक माणूस फार चांगलं काम करतोय, एवढं त्यांच्या कानावर घालायचं. काका आधी चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, परत चढवतात आणि विचारतात, "पावती देतो का?"

आमच्या इमारतीतले काका म्हणजे या जातीचा अस्सल नमुना. चर्चगेटच्या एका सरकारी कचेरीत ऑडिटला उभी हयात गेली, आणि त्यातली बरीचशी विरार लोकलमध्ये खरोखरच उभी. निवृत्त झाल्यावर तपासायला कागद उरले नाहीत, म्हणून ते माणसं तपासतात.

काका कंजूष नाहीत हे आधीच सांगितलेलं बरं. सत्यनारायणाची वर्गणी सगळ्यात आधी त्यांची. स्टेशनच्या जिन्यावर पेटी वाजवणाऱ्या आंधळ्या गवयाला ते रोज नाणं टाकायचे. गाण्याशीही वैर नाही. लोकलमधली भजनी मंडळी डब्याचा पत्रा बडवून ताल धरायची, तेव्हा काका डोळे मिटून मान डोलवायचे. "ते लोक गातात आणि गप्प उतरतात," हे त्यांचं सर्टिफिकेट. त्यांना सहन होत नाही तो गाणं अर्ध्यात थांबवून बोलणारा गायक.

आणि तसा एक आमच्या नशिबी आहे. त्याचं नाव सांगत नाही, गिटारवाला म्हणू. भुईगावच्या बाजूला त्यांची केळीची वाडी. घराण्यात संगीत आहे. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. नातवाने बँडचं नाव बदललं, केस वाढवले, पँट गुडघ्यावर फाडली आणि तो मराठीत रॉक गाऊ लागला. पोरगा गातो छान. पण दर दुसऱ्या गाण्यानंतर गिटार पाठीवर फिरवतो, माइक हातात घेतो आणि सुरू करतो, "मित्रांनो, बावखल म्हणजे काय, माहितीये?"

वसईबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. वाडीत पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं म्हणजे बावखल. ते जमिनीत जिरतं म्हणून खारेपाट शेजारी असूनही इथल्या विहिरी गोड राहिल्या. त्या विहिरींवर केळी आणि पानवेली जगल्या. मग इमारती आल्या. बावखलात भराव टाकला की फुकटात प्लॉट तयार. गिटारवाला हे सगळं सांगतो, तेही बरोबर सांगतो, आणि मग बोट वर करून समोरच्या बिल्डिंगींवरून फिरवतो. "यातल्या कित्येकांच्या खाली बावखल आहे!"

त्या बोटाच्या रेषेत एकदा आमची इमारत आली. काका पहिल्या रांगेत, फुकट पासवर, पॉपकॉर्न खात बसले होते. त्यांचा हात पुडीतच थांबला.

घरी येताना त्यांनी कार्यक्रमाचं ऑडिट केलं. "बॅनर बघितलास? त्याचा फोटो सहा फुटी. बावखल खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढं. जनरेटर डिझेलवर, आणि हा बोलतो पर्यावरणावर. शिवाय पँट फाटकी घालायची, ती नवी घेऊन. असला दिखाऊपणा आमच्या वेळी नव्हता."

त्यांच्या वेळी काय होतं ते मला ठाऊक आहे. काका गिरगावची खोली सोडून इथे आले तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा. टँकर कुठून भरतो हा प्रश्न एका ऑडिटरला सुचला नाही, कारण प्रश्न विचारायला गेलं तर बादली भरायची राहायची. टँकर भरत होता वाड्यांमधल्या विहिरींवर. विहिरी खारट व्हायला लागल्या तेव्हा, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो झगा सावरत मोर्च्याच्या पुढे चालले. बिल्डर, टँकरवाले आणि गुंड यांच्याविरुद्ध तेव्हा उघड बोलायला छाती लागायची.

तुम्हाला वाटेल काकांना फादर आवडत असतील. आता आवडतात. तेव्हा "धर्मगुरूने प्रार्थना करावी, पाण्याचं आम्ही बघू" असं त्यांचं मत होतं, कारण पाण्याचं ते खरंच बघत होते, रोज सकाळी गॅलरीतून. पुढे फादर उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, निवडीवरून विरोध झाला, धमक्या आल्या, तेव्हा हेच काका जिन्यात उभे राहून सांगत होते, "आमच्या फादरना कोण अडवतो बघू!" २०२४च्या जुलैत फादर गेले, त्या दिवशी काका जेवले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, फादर बोलले तेच हा पोरगा बोलतो. मग?"

"फादर गात नव्हते," काका म्हणाले.

यावर हसू आलं, पण नंतर मला हे उत्तर फार खोल वाटायला लागलं. आपल्याकडे समाजसेवकाचा एक गणवेश ठरलेला आहे. चप्पल झिजलेली हवी, गाल बसलेले हवेत. बाबा आमट्यांची बंडी आणि अर्धी विजार सगळ्यांच्या डोळ्यांत भरली आहे. सेवा करताना माणसाला त्रास होतोय हे दिसलं पाहिजे. गिटारवाला घाम पुसत हसतो, पोरी त्याच्याबरोबर सेल्फी काढतात, आणि वर तो तळीही वाचवतो. एकाच जन्मात दोन्ही? मजाही त्याची आणि पुण्यही त्याचंच? आपण मजा सोडून मध्यमवर्गीय झालो, त्याची काही भरपाई आहे की नाही?

काकांचा देव पु. ल. देशपांडे. पुलंनी लाखो दिले, १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला लाख रुपये दिले, पण स्वतःच्या तोंडाने कधी डंका पिटला नाही, हे काका वर्षातून एकदा तरी सांगतात. बरोबरच आहे. पण निळूभाऊ फुले आणि डॉ. लागू यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले, ते दवंडी पिटूनच केले. तिकीट विकायचं तर गुपचूप कसं विकणार? त्याच लागूंनी देवाला निवृत्त करा म्हटलं, तेव्हा मात्र नटाने नाटक करावं, असं सगळ्यांना एकदम आठवलं.

आमिर खानच्या बाबतीत काकांची पार ओढाताण झाली. २००६ साली तो नर्मदेच्या विस्थापितांबद्दल बोलला आणि त्याचा 'फना' गुजरातच्या थिएटरांत लागला नाही. काकांनी त्या बातमीचा अंक जपून ठेवला. २०१२ला 'सत्यमेव जयते' आलं. दर रविवारी काका ते पूर्ण बघत आणि संपल्यावर म्हणत, "पण हा रडतो का सारखा?" २०१५ला आमिर असहिष्णुतेवर बोलला आणि लोकांनी तो ज्याची जाहिरात करायचा ते स्नॅपडीलचं ॲप फोनमधून उडवलं. काकांच्या फोनमध्ये ते ॲप नव्हतंच. त्यांनी नातवाकडून आधी टाकून घेतलं आणि मग निषेध म्हणून काढलं. पुढच्याच वर्षी आमिरचं पाणी फाउंडेशन सुरू झालं, दुष्काळी गावांतले लोक कुदळ-फावडं घेऊन चर खणू लागले. काकांच्या साताऱ्याकडच्या मेव्हण्याने फोन करून सांगितलं, "विहिरीला पाणी आलं." काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाणी आलं ते चांगलंच. पण श्रेय गावाचं."

नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांचं 'नाम फाउंडेशन' मात्र काकांना पटतं. कारण विचारलं तर म्हणाले, "नाना चिडलेला दिसतो. हसत दान मागणाऱ्याचा मला संशय येतो."

आता नेदरलँड्सकडे येऊ. डिसेंबर २०१९मध्ये यू-टू हा आयर्लंडचा बँड पहिल्यांदाच भारतात आला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कार्यक्रम होता. काकांच्या नातवाने तिकिटाला जे पैसे मोजले ते ऐकून काकांनी पाणी मागितलं. "कोण आहे हा बोनो?" नातू सांगू लागला. यू-टूचा गायक. जगातल्या गरिबांसाठी भांडतो, राष्ट्राध्यक्षांना भेटतो, श्रीमंत देशांनी आफ्रिकेचं कर्ज माफ करावं म्हणून आवाज उठवतो. १९८५च्या लाइव्ह एडच्या जलशाला होता, तो बॉब गेल्डॉफचा, इथिओपियाच्या दुष्काळासाठीचा.

काकांनी चष्मा पुसला. पुढचे दोन दिवस नातवाचा लॅपटॉप त्यांच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं महागाई भत्ता वाढला.

"सापडलं," ते म्हणाले. "नेदरलँड्स!"

प्रकरण खरं होतं. आयर्लंडमध्ये कलावंतांना करमाफी होती. सरकार तिला मर्यादा घालायला निघालं तेव्हा, २००६ साली, यू-टूने गाण्यांच्या हक्कांचा कारभार उचलून नेदरलँड्सला नेला, कारण तिथे कर कमी. म्हणजे सरकारांनी गरिबांना जास्त द्यावं असं सांगणारा गृहस्थ स्वतः सरकारला कमी देण्याची सोय बघत होता. सगळं कायद्यात बसणारं, पण २०११ला ग्लॅस्टनबरीच्या जलशात याच करावरून लोकांनी एक भलामोठा फुगा फुगवला आणि रखवालदारांनी तो ओढून खाली पाडला. काकांनी त्या फुग्याचा फोटो प्रिंट काढून घेतला. २०१४ला यू-टूचा नवा अल्बम ॲपलने न विचारता कोट्यवधी लोकांच्या खात्यात टाकून दिला, हे कळल्यावर तर काका म्हणाले, "बघ! दान घेणाऱ्याला विचारायची पद्धतच नाही यांच्यात."

तेव्हापासून 'नेदरलँड्स' हे आमच्या इमारतीचं हत्यार झालं. सेक्रेटरी पाणी जपून वापरा म्हणाले की काका विचारणार, "आणि तुमचं नेदरलँड्स?" सेक्रेटरींच्या घरात जादा पंप आहे हे जगजाहीर. दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम प्लॅस्टिकवर बोलल्या, त्यांचं नेदरलँड्स कचऱ्याच्या पिशवीत निघालं. काही दिवसांतच इमारतीत चांगलं बोलायची कुणाची टाप राहिली नाही. वाईट बोलायला मात्र पूर्ण मोकळीक होती, कारण वाईट बोलणाऱ्याला नेदरलँड्स नसतं.

काकूंनी एकदाच तोंड उघडलं. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आपलं नेदरलँड्स गॅलरीत आहे." गॅलरी बंद करून काकांनी तिथे नातवाची खोली केली आहे, आणि परवानगीचा कागद तेवढा काकांच्या फाइलींत नाही. काकांनी त्या दिवशी पोळी कच्ची असल्याची तक्रार केली.

पण गिटारवाल्यावरच्या रागाचं खरं मूळ जुलै २०१८मध्ये आहे. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वसईत वीज गेलेली, आमच्या तळमजल्याला कमरेएवढं पाणी. बावखल आपली जुनी जागा शोधत आलं होतं, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची ती वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी गिटारवाला पोरं घेऊन आला, ट्यूबवर पातेली ठेवून, पाण्यातून चालत. दूध, मेणबत्त्या, बिस्किटं. काका जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत उतरले, धोतर गुडघ्यावर, तीन दिवसांची दाढी. बिस्किटांचा पुडा हातात घेतला आणि खटकन् फोटो निघाला.

संध्याकाळपर्यंत तो सगळ्या वसईच्या फोनांवर होता. खाली मजकूर: 'पूरग्रस्त आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू.'

काका हसत नव्हते. पुडा घ्यायला पाण्यात पाय टाकला तेव्हा काहीतरी लागलं म्हणून तोंड वाकडं झालं होतं. "पूरग्रस्त?" ते मला म्हणाले. "मी? दुसऱ्या मजल्यावर राहतो मी! सगळी नोकरी ऑडिटला काढली, कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. आणि या पोराने मला पाच रुपयांचा पुडा घेताना गावभर दाखवला."

इथे मात्र मी काकांच्या बाजूचा आहे. देणाऱ्याचा हात फोटोत नेहमी वरून येतो, आणि घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायचं की पुड्याकडे हेही ठरवता येत नाही. दूध आणलं होतं हे खरंच. त्या रात्री ते दूध आणि बिस्किटं आम्ही सगळ्यांनी घेतली, काकांनीही.

मागच्या वर्षी गिटारवाला सोसायटीत आला, थेट काकांच्या दारात. बावखलांच्या निधीची संस्था नोंदवायची होती आणि हिशेब तपासायला कुणी भरवशाचं हवं होतं. "काका, तुमच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही," असं तो चक्क म्हणाला. काकांनी त्याला जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांची गोष्ट ऐकवली: १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एवढा मोठा जलसा केला, पण करमाफीचे कागद आधी केले नाहीत, आणि पैसे वर्षानुवर्षं अमेरिकेच्या करखात्यात अडकून पडले. "सतार चांगली वाजते म्हणून व्हाउचर माफ होत नाही," काका म्हणाले आणि फाइल ठेवून घेतली.

महिनाभर त्यांच्या घरातला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असायचा. अहवाल आला तो टाइप केलेला, चार प्रतींत. पैशात एका रुपयाची चूक नव्हती, आणि हे लिहिताना काकांना किती यातना झाल्या असतील ते अक्षराअक्षरांतून दिसत होतं. बाकी आक्षेप होते. 'कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणावरून असे दिसते की गायन ५५ मिनिटे व भाषण ४० मिनिटे झाले. तिकीट गायनाचे होते. खुलासा करावा.' 'बॅनरवरील गायकाचे छायाचित्र व बावखलाचे छायाचित्र यांच्या आकारातील तफावतीची कारणे नमूद नाहीत.' आणि शेवटी, ठळक अक्षरांत: 'जुलै २०१८च्या छायाचित्रातील इसम पूरग्रस्त नसून दुसऱ्या मजल्यावरील रहिवासी आहे. तो हसत नाही. दुरुस्ती प्रसिद्ध करावी.'

गिटारवाल्याने सगळे आक्षेप मान्य केले. दुरुस्ती त्याच रात्री प्रसिद्ध झाली, फोटोसकट, आणि मूळ फोटोपेक्षा दुप्पट लोकांनी पाहिली.