यंदा घ्यायचीच!

दापोली-गुहागरकडच्या बहुतेक वाड्यांत एक आप्पा असतो. त्याच्याकडे लाकडं कापायची एक जुनी कटर मशीन असते आणि यंदा नवी घ्यायचीच, असा त्याचा ठाम निश्चय असतो. शिमग्याची पालखी देवळात परतली की निश्चय होतो आणि पहिल्या पावसाबरोबर वाहून जातो. मधल्या काळात वर्षाचं सरपण कापून, फोडून, वाळवून पडवीत रचायचं असतं. घरात गॅस आहे, पण न्हाणीतली चूल अजून लाकडावर पेटते. सिलिंडरवर तापवलेल्या पाण्याने आप्पाला आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.

मशीन सुरू करणं हा एक विधी आहे. आधी चोक ओढायचा, मग पेट्रोलचा फुगा दाबायचा, दोरीला दोन हिसके द्यायचे, चोक अर्धा आत घ्यायचा, मशीन जरा डावीकडे कलती करायची, एक शिवी हासडायची आणि तिसरा हिसका मारायचा. कलती करणं आणि शिवी सोडली, तर बाकीचं कंपनीच्या पुस्तिकेतही आहे. विरारहून आलेला मुलगा पुस्तिकेप्रमाणे दोरी ओढून ओढून घामाघूम होतो. मग आप्पा सुपारी कातरत उठतात आणि एका हिसक्यात मशीन धडधडवतात. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघितलेल्या माणसाने त्यांना नवी मशीन घ्या, असं सांगायला जाऊ नये.

पण लोक सांगतातच. आप्पांनाही ते हवं असतं, कारण त्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे. अभ्यासाची साधनं दोन: मोबाइलवरचे व्हिडिओ आणि दुसऱ्यांच्या मशीन. कोणी नवी आणल्याचा सुगावा लागला की आप्पा चहाच्या वेळी तिथे हजर. मशीन जमिनीवर ठेवून ते तिला दोरीच्या मुठीने अलगद वर उचलतात. वजनाने ती झटकन खाली आली तर कॉम्प्रेशन गेलेलं. थांबत थांबत उतरली तर इंजिन दमदार. मालकाचा श्वास अडकलेला असतो. आप्पा मान हलवतात आणि म्हणतात, "बरी आहे. आमची याहून सावकाश उतरते." घरची मशीन ते चारचौघांत कधी उचलत नाहीत.

एक मात्र कबूल करायला हवं, आप्पांचं निदान खरं असतं. वाडीतला निम्मा माणूस 'मशीन कमजोर झाली' म्हणून त्यांच्याकडे येतो. आप्पा मशीनकडे बघतही नाहीत; कापलेल्या लाकडाखाली काय पडलंय ते विचारतात. चेनला धार असली की जाड किस पडतो आणि धार गेली की पिठासारखा भुसा. भुसा पडत असेल तर इंजिनाचा काही दोष नाही. मग गोल कानस घेऊन ते एकेक दात घासत बसतात आणि घासताना इतिहासही सांगतात. जो कॉक्स नावाचा अमेरिकेतला लाकूडतोड्या. 1946 साली ओरेगॉनच्या जंगलात त्याने लाकूड पोखरणारी अळी निरखली. तिचे जबडे लाकूड उभं-आडवं सारख्याच सहजतेने कातरतात हे पाहून त्याने चेनचे दात तसे वळवले. आजची चेन तीच. "आपल्याकडे लाकडात अळी दिसली की माणूस रॉकेल ओततो," आप्पा म्हणतात, "म्हणून आपण मागे."

पेट्रोलवरही त्यांचं स्वतंत्र मत आहे. लिटरमागे 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल हे माप ते औषधाच्या झाकणाने घालतात. पण पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल आल्यापासून मशीन सकाळी लवकर सुरू होत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या मशीनचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचा पडदा खराब करतं, हे खरंच आहे. आप्पांना मात्र त्याचं आश्चर्य वाटत नाही. "उसाची दारू पाजल्यावर सकाळी कोण उठतं?"

हिशेबाचं म्हणाल तर आजवर प्लग, फिल्टर, चेन, पिस्टनची रिंग यांवर गेलेल्या पैशांत स्वस्तातली एक नवी मशीन सहज आली असती. मुलाने एकदा हे कागदावर मांडून दाखवलं. आप्पा म्हणाले, "ते पैसे थोडे थोडे गेले. थोडे थोडे गेलेले पैसे खर्चात धरायचे नसतात." शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बुजले, तेव्हा वाडीचा रस्ता याच मशीनने मोकळा केला होता. हा मुद्दा आला की वाद संपतो. निसर्गातच तिची कंबर मोडली, असं मुलगा हळू आवाजात म्हणतो, पण वाद संपलेला असतो.

तो पुन्हा उकरून काढला काकूंनी. चेन ज्यावर फिरते त्या बारच्या टोकाची वरची बाजू दुसऱ्या ओंडक्याला टेकली तर मशीन उसळून तोंडावर येते. अशा वेळी पुढची ढाल हाताने ढकलली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. आप्पांच्या मशीनची ढाल उगाच अडकते म्हणून त्यांनी ती तारेने बांधून टाकली होती. काकूंनी ती तार बघितली. "अहो, तुमचं मेलं कॉम्प्रेशन चुलीत घाला. ब्रेक बांधून ठेवलात? उद्या दापोलीला जायचं."

नवी मशीन आली. काकूंनी अंगणात दोरी ओढली आणि दुसऱ्या हिसक्यात ती सुरू झाली. शिवी लागली नाही. शेजारचा पोरगा आला, त्याच्याही हाताने सुरू झाली. सरपण भराभर कापून झालं. आप्पांनी नव्या मशीनचं मनापासून कौतुक केलं आणि वाडीत जो मागेल त्याला ती बिनदिक्कत देऊ लागले. जुनी ते पूर्वीही कोणाला देत नसत, आताही देत नाहीत.

हल्ली कोणी सल्ला विचारायला आलं की आप्पा एका वाक्यात निकाल देतात, "नवीच घ्या. ब्रेक बघून घ्या. आणि जुनी भंगारात घालू नका, माझ्याकडे आणून टाका, सुट्या भागांना होईल." लोक ऐकतात. वाडीत बऱ्याच नव्या मशीन आल्या आहेत. काकूंनी यंदा सरपण बाहेर ताडपत्रीखाली रचलंय. पडवीत जागाच उरलेली नाही.