‘स्टाउट’: छातीकडून पोटाकडे

धिप्पाड आणि दणकट माणसांचे वर्णन करणाऱ्या विशेषणांची इंग्रजीत टंचाई नसली, तरी ‘स्टाउट’ या विशेषणाइतका वयोमानाने सुटलेला शब्द त्यांत दुसरा आढळणे कठीण आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या आणि ‘श्टोल्त्स’ म्हणजे ‘गर्विष्ठ’ या जर्मन शब्दाशी नाते सांगणाऱ्या या शब्दाचा संबंध मुळात ताठ मानेशी होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो उद्दामपणा दर्शवतो, तर सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात त्याचे बलवान, शूर, हट्टी असे अर्थ दिलेले असून लठ्ठपणाचा तेथे पत्ताही नाही. नाम म्हणून मात्र ‘कडक बिअर’ हा अर्थ जॉन्सनने नोंदवला आहे; पुढे शब्दाला पोट सुटले ते या बिअरमुळेच, असे अनुमान मोहक असले तरी व्युत्पत्तिशास्त्राला ते मान्य होणारे नाही.

पोट आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तेही सौजन्याच्या वाटेने. अप्रिय गोष्ट गोड शब्दांत सांगण्याच्या रीतीस सौम्योक्ती म्हणतात. मराठी माणूस ज्या दाक्षिण्याने एखाद्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो, त्याच दाक्षिण्याने इंग्रजांनी लठ्ठाला ‘भक्कम’ म्हणण्यास आरंभ केला आणि हळूहळू भक्कमपणा गळून लठ्ठपणा तेवढा उरला.

याचा खरा फटका कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला बसला. कीट्सने १८१६ च्या आपल्या प्रसिद्ध सुनीतात पॅसिफिक महासागर न्याहाळणाऱ्या कोर्तेसला हे विशेषण लावले ते धाडसी या अर्थाने. परंतु बालवाडीत चहाच्या किटलीच्या इंग्रजी गाण्यातून ज्याची या शब्दाशी ओळख झाली, त्या विद्यार्थ्यास डोंगरमाथ्यावर एक ढेरपोट्या गृहस्थ धापा टाकताना दिसतो. टीकाकारांची तक्रार वेगळीच आहे: १५१३ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तो महासागर प्रथम पाहणारा युरोपीय बाल्बोआ होता, कोर्तेस नव्हे. त्या डोंगरमाथ्यावर न गेलेल्या माणसाला तिथे नेऊन वर पोटही चिकटवावे, हा अन्यायच म्हटला पाहिजे.

सध्याच्या वापरात बूट, काठी, दोरखंड किंवा बचाव यांना हे विशेषण लागले तर ती स्तुती असते, आणि ‘हृदय’ या शब्दाशी जोडले तर धैर्याची ग्वाही मिळते. नुसत्या माणसाला लागले, की आडवा बांधा सूचित होतो. तेव्हा परदेशी यजमानीणबाईंच्या ठणठणीत प्रकृतीचे कौतुक करू इच्छिणाऱ्या वाचकांनी दुसरा कोणताही शब्द योजावा आणि हा त्यांच्या बुटांसाठी राखून ठेवावा.