सुपरहिरो पाहिजे, कोयत्यासकट

जून 2023 मध्ये स्पायडरमॅन मराठी बोलायला लागला. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात एक आपली. शिवाय त्यात पवित्र प्रभाकर नावाचा देशी कोळी होता आणि मुंबई नि मॅनहॅटन कालवून केलेलं मुंबॅटन नावाचं शहर. म्हणजे प्रतिनिधित्व मुंबईपर्यंत पोचलं. पुढे बीडला कसं यायचं, हे कोडं रेल्वेलाही तीसेक वर्षं सुटलं नव्हतं. बीड शहरात ती आली सप्टेंबर 2025 मध्ये. कोळ्याची अडचण वेगळी. त्याला लोंबकळायला उंच इमारती लागतात. आमच्याकडे उंच म्हणाल तर पाण्याची टाकी, आणि तिच्यावर आधीच कोणीतरी आंदोलनाला चढलेला असतो.

बाकी सगळ्यांचा नंबर लागतोय. 2018 साली 'ब्लॅक पँथर'ने आफ्रिकेला सिंहासन दिलं. कमला खान मिस मार्व्हल झाली. 'मिन्नल मुरली'त केरळच्या खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडली नि तो सुपरहिरो झाला. (आमच्याकडे वीज पडली की पंचनामा होतो.) मराठीतही 2015 साली श्रेयस तळपदेचा 'बाजी' येऊन गेला. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला काय? हशा. मकरंद अनासपुरेंनी आमची बोली पडद्यावर गाजवली आणि सिनेमावाल्यांनी ठरवून टाकलं की या बोलीत माणूस फक्त विनोद करतो. जग वाचवायचं ते प्रमाण मराठीत. गंभीर भूमिका हवीच असेल तर वृत्तवाहिन्या आहेत. तिथे खलनायकाची जागा बीडला कायम राखीव.

तर समजा, आम्हीच गोष्ट घेऊन अंधेरीतल्या एखाद्या निर्मात्याकडे गेलो. सिनेमाचं नाव 'कोयता'.

"हिरो एकटा की टीम?"

"जोडी, साहेब. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात."

निर्माता खूश. स्त्री-पुरुष समानता एकाच पोस्टरवर! हिरॉइनचं मानधन वेगळं द्यायचं का, विचारतो. छे, उचल म्हणजे आगाऊ रक्कम एकच, आणि मुकादम ती नवऱ्याच्या हातात ठेवतो. निर्माता आणखी खूश.

"बाईची पॉवर काय?"

"तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते."

"ही पॉवर आली कुठून? काही चावलं का?"

आता त्याला 2019 ची सरकारी समिती सांगावी लागते. 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. इतर सुपरहिरोंना अंगात काही शिरलं की शक्ती येते, इथे काढून घेतात. कारण खाडा परवडत नाही. खाडा पडला की दंड कापतात, मग पोट दुखो नाहीतर पाठ. निर्माता थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, "फेस्टिव्हलला चालेल हो, पण पॉपकॉर्न विकलं जाणार नाही."

बरं, मग खराखुरा माणूस घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा पोरगा, फौजेत गेला, सियाचीनला राहिला, 3000 मीटर स्टीपलचेस पळू लागला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला केनियाच्या धावपटूच्या मागे रुपेरी पदक, फरक 0.05 सेकंदाचा. या शर्यतीत सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. बीडच्या माणसाने समोर पाणी दिसत असताना न थांबता पुढे पळायचं, याहून मोठी सुपरपॉवर हॉलिवूडने दाखवावी!

निर्मात्याला हे पटतं. फक्त हिरो जुहूचाच राहील, चेहरा रापवायला मेकअपवाला आहे. बीडला प्रतिनिधित्व मिळेल ते गर्दीत.

"शूटिंग डिसेंबरात. दोनशे अस्सल गावकरी लागतील."

"डिसेंबरात गावात म्हातारी माणसं नि कुत्री. बाकी सगळे फडावर, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. मे महिन्यात या."

"मेमध्ये? अहो, पावसाचं गाणं आहे! पाणी कुठून आणायचं?"

"त्याची काळजी नको साहेब. मेमध्ये आमच्याकडे टँकरला तोटा नसतो."